रजा, माफी आणि सुटका: शिक्षेच्या तारखा कशा काढायच्या

शिक्षा लागलेल्या माणसाची एकच तारीख नसते. निदान चार असतात: शिक्षेची मुदत संपण्याची, माफी (शिक्षेत मिळालेली सूट) वजा जाता सुटकेची, पहिल्या फर्लोची (संचित रजेची), आणि जन्मठेप असेल तर मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव विचारात घेण्याची. प्रत्येक तारखेचा हिशेब वेगळ्या आकड्यांवर चालतो. एकीत खटल्याआधीची कोठडी धरतात आणि माफीही धरतात, दुसरीत कोठडी चालते पण माफी चालत नाही, तिसरीत रजेवरचे दिवस उलटे वजा होतात. नातेवाइकांचा आणि नव्या वकिलांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. एका तारखेचा आकडा दुसऱ्या तारखेला लावला जातो, मग अर्ज सहा महिने आधी जातो आणि ‘अपात्र’ शेरा घेऊन परत येतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या कारागृहांतल्या शिक्षाबंद्यांसाठी, म्हणजे बोलीतल्या ‘पक्क्या कैद्यां’साठी आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसीच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या निकालांत, वॉरंटवर आणि तुरुंगाच्या कागदांत मात्र अजून जुनीच कलमं दिसतात, म्हणून खाली दोन्ही क्रमांक दिले आहेत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अमेरिकी मालिकांत दिसतो तो पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर राहून भोगणं, आणि तिथे त्याची पात्रता तारीख निकालातून किंवा कायद्यातून निघते. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. कारणापुरतं बाहेर जायचं आणि परत यायचं. त्या अमेरिकी तारखेच्या जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे मुदतपूर्व सुटका, जिला तुरुंगात ‘चौदा वर्षांचा प्रस्ताव’ म्हणतात. कारागृहात अर्ज लिहिताना हे दोन शब्द उलटसुलट वापरले तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

पहिलं काम: कागद

हिशेबाला बसण्याआधी पाच कागद हातात हवेत. निकालपत्रातला अंतिम आदेश, म्हणजे शेवटची एकदोन पानं. कोर्टाने कारागृहाला पाठवलेलं शिक्षेचं वॉरंट. खटल्याआधीच्या कोठडीचा कालावधी दाखवणारी नोंद, जिला सगळेच ‘सेट ऑफ’ म्हणतात. अपील झालं असेल तर वरच्या कोर्टाचा आदेश. आणि कारागृहाच्या न्याय विभागाने काढलेला शिक्षेचा तपशील, ज्यात भोगलेली शिक्षा, मिळालेली माफी, रजेचे दिवस आणि अपेक्षित सुटकेची तारीख असते.

यातला निकालाचा शेवट आणि वॉरंट शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहा. कारागृह निकालपत्र वाचून शिक्षा मोजत नाही, वॉरंटवरून मोजतं. निकालात ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगाव्यात’ असं असेल आणि वॉरंटवर ते वाक्य उतरवायचं राहिलं, तर कारागृह त्या शिक्षा एकामागून एक लावणार. त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. अशा वेळी दुरुस्ती मागायची ती शिक्षा देणाऱ्या कोर्टाकडे. कारागृहाशी वाद घालून उपयोग नसतो. नाव, वडिलांचं नाव, खटला क्रमांक आणि कलमं यांतली एखादी वेलांटी चुकली तरी सुटकेच्या दिवशी फाटकावर अडकायला होतं, म्हणून तेही आत्ताच तपासा.

अपिलात शिक्षा कमी झाली तर त्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि सुधारित वॉरंट कारागृहात पोहोचलं का, हे स्वतः जाऊन विचारा. ३०२ (खून) खालची जन्मठेप बदलून ३०४ (सदोष मनुष्यवध) खाली दहा वर्षं झाली, तर अख्खा हिशेब नव्याने मांडावा लागतो. चौदा वर्षांची अटच तिथे लागू राहत नाही.

दुसरं काम: किती शिक्षा आणि कोणत्या क्रमाने

एकाच खटल्यात दोनतीन कलमांखाली शिक्षा असेल तर त्या एकत्र चालतात की एकामागून एक, हे आदेशात लिहिलेलं असतं. जुन्या कलम ३१ प्रमाणे कोर्टाने काहीच सांगितलं नाही तर त्या एकामागून एक चालायच्या. नव्या संहितेच्या कलम २५ प्रमाणे कोर्टाने गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून दोहोंपैकी काय ते आदेशात सांगायचं आहे.

दोन वेगवेगळ्या खटल्यांत शिक्षा असेल तर कलम ४२७, आता ४६७. आधीच्या खटल्यातली शिक्षा भोगत असताना दुसरी लागली, तर दुसरी पहिली संपल्यावर सुरू होते. दुसऱ्या कोर्टाने एकत्र भोगण्याचा आदेश दिला असेल तरच त्या बरोबरीने चालतात. इथे फार नुकसान होतं. कारण दुसऱ्या खटल्याच्या वकिलाला पहिल्या शिक्षेची माहितीच नसते आणि तो मागणी करत नाही. आधी जन्मठेप असेल तर मात्र नंतरची शिक्षा तिच्यासोबतच चालते. दोन जन्मठेपा एकामागून एक भोगायला लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मोजायला सुरुवात कुठून? शिक्षा सुनावली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. २० मार्च २०२२ ला सात वर्षं लागली तर मुदत १९ मार्च २०२९ ला भरते, २० ला नव्हे. वर्षं आणि महिने कॅलेंडरचे धरायचे. ‘तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, म्हणून चौदाची सातच होतात’ ही ऐकीव गोष्ट पूर्ण खोटी आहे.

अपील काळात जामिनावर बाहेर राहिलेले दिवस शिक्षेत येत नाहीत. सुनावल्यावर दोन महिने आत, मग तीन वर्षं जामिनावर, मग अपील फेटाळलं म्हणून पुन्हा हजर, असं असेल तर ते दोन महिने जमेला राहतात आणि मोजणी हजर झाल्याच्या दिवसापासून पुढे सुरू होते.

तिसरं काम: सेट ऑफ

कलम ४२८, आता ४६८. त्याच खटल्यात तपास, चौकशी आणि सुनावणीच्या काळात जे दिवस अटकेत गेले ते शिक्षेतून वजा होतात. पोलीस कोठडी धरायची, न्यायालयीन कोठडी धरायची, पहाऱ्यात रुग्णालयात असलेले दिवसही धरायचे. अटकेचा दिवस मोजायचा. जामीन आदेश झाला त्या तारखेवर थांबायचं नाही, तर प्रत्यक्ष फाटकाबाहेर पडला तो दिवस पाहायचा. जामीन मंजूर होऊन जामीनदार मिळेपर्यंत तीन आठवडे आत काढलेली माणसं पुष्कळ असतात. ते तीन आठवडे त्यांच्या हक्काचे आहेत.

चुका ठरलेल्या आहेत. निकालात ‘नियमानुसार सेट ऑफ द्यावा’ एवढंच लिहिलेलं असतं, तारखा नसतात. मग कारागृह आपल्या रजिस्टरवरून मोजतं. बंदी त्या काळात दुसऱ्या कारागृहात असेल तर तो काळ रजिस्टरमध्ये नसतो आणि गळतो. पोलीस कोठडीचे पहिले काही दिवस कारागृहाच्या नोंदीत नसतातच, ते रिमांडच्या कागदांवर सापडतात. त्यामुळे अटक पंचनामा किंवा पहिला रिमांड अर्ज, प्रत्येक कारागृहात दाखल झाल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख, असा तक्ता स्वतः करून न्याय विभागाला द्यावा.

एकाच वेळी दोन खटल्यांत कच्चा कैदी असेल तर? दोन्ही खटल्यांत अटक दाखवलेली असेल तर तोच काळ दोन्हीकडे वजा होतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तसं ठरवलं. पण दुसऱ्या खटल्यात केवळ तारखेला हजर करण्यासाठी आणलं होतं, अटक दाखवलीच नव्हती, तर ते दिवस तिथे मिळत नाहीत. आणि एका खटल्यात शिक्षा भोगत असतानाचा काळ दुसऱ्या खटल्यात सेट ऑफ म्हणून मागता येत नाही.

चौथं काम: दंडाच्या बदल्यातली कैद

‘सात वर्षं सक्तमजुरी व दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास सहा महिने’ यातले सहा महिने लोक विसरतात. ही कैद मूळ शिक्षेवर वेगळी चढते. इतर शिक्षा एकत्रित असल्या तरी ही त्यांत विरघळत नाही. सेट ऑफही फक्त मूळ शिक्षेतून वजा होतो, या कैदेतून नाही. पाच कलमांखाली पाच दंड असतील तर पाचही बदल्यातल्या कैदा बेरजेत येतात.

दंड भरता येतो, आणि कधीही भरता येतो. अर्धी रक्कम भरली तर त्या प्रमाणात कैद कमी होते. बदल्यातली कैद भोगायला सुरुवात झाली असली तरी उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे भरून सुटता येतं. घरच्यांना शक्य असेल तर पैसे भरावेत, पावती कारागृहात द्यावी आणि तिची पोच घ्यावी. कोर्टात पैसे जमा झाले पण पावती न्याय विभागात पोहोचली नाही, म्हणून माणूस आत राहतो, असं घडतं.

पाचवं काम: माफी

शिक्षामाफी, म्हणजे रेमिशन, ही कमवावी लागते. चांगल्या वर्तनाची आणि नेमून दिलेल्या कामाची दरमहा काही दिवस साधारण माफी, वर्षभर तुरुंगाचा गुन्हा न केल्याबद्दल वेगळी, आणि त्यावर अधीक्षक, वरिष्ठ किंवा राज्य सरकार देईल ती विशेष माफी. खुल्या कारागृहात, म्हणजे पैठण किंवा मोर्शीसारख्या ठिकाणी, माफीचं प्रमाण बंद कारागृहापेक्षा जास्त असतं. म्हणून तिथे वर्ग होण्याच्या पात्रतेवर लक्ष ठेवणं हा सुटकेची तारीख अलीकडे आणण्याचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे.

कच्चा कैदी म्हणून काढलेल्या काळात कामाची-वर्तनाची साधारण माफी जमत नाही. तो काळ सेट ऑफ म्हणून मिळतो, तेवढाच. तुरुंगाचा गुन्हा, मोबाइल सापडणं किंवा रजेवरून उशिरा परतणं यासाठी जमलेली माफी कापली जाते. उशिराच्या प्रत्येक दिवसामागे कापणी एकाच दिवसाची नसते, कित्येक पट असू शकते.

माफी कुणाला मिळतच नाही हे आधी पाहा. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३२अ प्रमाणे त्या कायद्याखालच्या शिक्षेत (कलम २७ सोडून) माफी किंवा सूट नाही. मात्र त्याच कलमामुळे पॅरोल अडत नाही, हे २००० सालच्या महाराष्ट्राच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ‘३२अ आहे’ म्हणून पॅरोलचा अर्जच घेतला जात नसेल तर हा निर्णय दाखवावा.

आता सगळं एकत्र मांडू

समजा अटक १२ जानेवारी २०१९. जामिनावर बाहेर ११ नोव्हेंबर २०१९. दोन्ही दिवस धरून बरोबर दहा महिने. शिक्षा २० मार्च २०२२ ला: सात वर्षं, दंड न भरल्यास सहा महिने, दंड भरलेला नाही. मध्ये तीस दिवसांचा एक पॅरोल झाला. माफी उदाहरणापुरती तीनशे दिवस धरू.

मूळ शिक्षा भरते १९ मार्च २०२९ ला. दहा महिने सेट ऑफ गेला: १९ मे २०२८. सहा महिने बदल्यातली कैद चढली: १९ नोव्हेंबर २०२८. पॅरोलचे तीस दिवस शिक्षेत धरत नाहीत, म्हणून तारीख पुढे सरकली: १९ डिसेंबर २०२८. तीनशे दिवस माफी वजा: २३ फेब्रुवारी २०२८. घाईत ‘तीनशे दिवस म्हणजे दहा महिने’ असं केलं तर १९ फेब्रुवारी येते, आणि मग कारागृहाच्या तारखेशी चार दिवस जुळत नाहीत म्हणून भांडण होतं. माफी दिवसांत मिळते, दिवसांतच वजा करा. २०२८ हे लीप वर्ष आहे, हेही विसरू नका.

यातली शेवटची तारीख हलती असते. पुढच्या महिन्यांची माफी जमेल तशी ती अलीकडे येते, कापली गेली तर पुढे जाते. त्यामुळे दर सहा महिन्यांनी नवा तपशील मागून घेणं योग्य.

फर्लोची तारीख

महाराष्ट्रात फर्लो आणि पॅरोल या दोन्ही रजा १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांवर उभ्या आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा, तिला कारण लागत नाही. लांब शिक्षेत माणसाचा घराशी आणि बाहेरच्या जगाशी संबंध तुटू नये हा तिचा हेतू. मूळ नियमातली चौकट अशी: एक ते पाच वर्षांची शिक्षा असेल तर प्रत्यक्ष भोगलेल्या प्रत्येक वर्षामागे एकदा. पाच वर्षांहून जास्त असेल तर प्रत्येक दोन वर्षांमागे एकदा, आणि शिक्षेची शेवटची पाच वर्षं उरली की दरवर्षी. जन्मठेपेला पहिली तीन वर्षं प्रत्यक्ष भरल्याशिवाय नाही, आणि सात वर्षं झाल्यावर दरवर्षी. रजेचे दिवस मूळ नियमात दोन आठवडे होते. २०१६ आणि २०१८ च्या मोठ्या दुरुस्त्यांनी दिवस, अटी आणि मंजुरीचे अधिकार बदलले. म्हणून अर्ज करण्याआधी न्याय विभागात त्या दिवशी लागू असलेला नियम ३ वाचायला मागा. कुणा जुन्या बंद्याच्या आठवणीवर तारीख काढू नका.

‘प्रत्यक्ष’ हा शब्द इथे कळीचा आहे. माफीचे दिवस जोडून तारीख काढायची नाही. सेट ऑफ धरून एक आणि शिक्षाबंदी म्हणून दाखल झाल्यापासून एक, अशा दोन तारखा काढून ठेवा. कारागृह कोणती धरतं ते लेखी विचारा, आणि नाकारलं गेलं तर कारण कोणत्या नियमाखाली दिलं आहे ते पाहा.

पात्रतेची तारीख आली म्हणजे रजा मिळाली, असं नाही. नियम ४ मध्ये काही वर्गच वगळलेले आहेत. जबरी चोरी आणि दरोड्याची, भारतीय दंड संहितेची ३९२ ते ४०२ ही कलमं मूळ नियमापासून त्यात आहेत. वर्तन अहवाल चांगला हवा. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आला तर अर्ज अडतो. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. व्यवहारात मात्र सर्वांत जास्त वेळ जातो तो पोलीस पडताळणीत. पत्ता अपुरा असतो, जामीनदार घरी सापडत नाही किंवा फिरतो. जामीनदार शक्यतो रक्ताच्या नात्यातला, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहणारा आणि जबाब द्यायला वेळ काढणारा असावा. पात्रता तारखेच्या तीनेक महिने आधी त्याची ओळखपत्रं, रहिवासाचा पुरावा आणि फोन नंबर तयार ठेवा.

फर्लोचे दिवस शिक्षामाफी म्हणून धरले जातात, म्हणजे सुटकेची तारीख पुढे ढकलली जात नाही. पॅरोलचे दिवस धरले जात नाहीत. एकाच नियमावलीतल्या दोन रजांचा परिणाम असा उलटा आहे. त्यामुळे साधं घरी येऊन जायचं असेल आणि फर्लो शिल्लक असेल, तर आधी तीच वापरणं शहाणपणाचं.

पॅरोलला तारीख नसते, कारण असतं. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा घरातलं लग्न यासाठी तातडीचा पॅरोल कारागृह अधीक्षकांच्या पातळीवर होतो. गंभीर आजार, पत्नीचं बाळंतपण, घर पडणं, पूर-आग अशा कारणांचा नियमित पॅरोल सर्वसाधारणपणे विभागीय आयुक्तांकडे जातो. आजाराचा दाखला नुसता ‘उपचार चालू’ असा नको. निदान, शस्त्रक्रियेची तारीख आणि सोबत कुणी का हवं, हे डॉक्टरांनी लिहिलेलं असावं. परतण्याचा दिवस आणि वेळ आदेशात असते. उशीर झाला तर माफी जातेच, गुन्हाही नोंदतो, आणि पुढच्या रजेच्या वेळी हीच नोंद पहिल्यांदा वाचली जाते.

२०२० मध्ये कोविडमुळे सुरू झालेला आपत्कालीन पॅरोल पंचेचाळीस दिवसांचा होता आणि पुढे तीस-तीस दिवसांनी वाढत गेला. तेव्हा बाहेर असलेल्यांनी आपल्या हिशेबात तो काळ वेगळ्या रकान्यात नीट मांडावा. चौदा वर्षांची बेरीज तिथेच वर्षभरापेक्षा जास्त चुकते.

जन्मठेप: चौदा वर्षं म्हणजे नेमकं काय

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे, वीसही नव्हे. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं. कायद्यात वीस वर्षांचा उल्लेख आहे, पण तो शिक्षेचे अंश काढण्यापुरता. चौदाचा आकडा येतो कलम ४३३अ मधून, आता ४७५. हे कलम १८ डिसेंबर १९७८ पासून आलं. ज्या गुन्ह्याला फाशी ही एक शिक्षा असू शकते त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही. हा किमान उंबरठा आहे. चौदा भरली की सोडावंच लागतं, असं त्यात कुठेही नाही.

या चौदांत सेट ऑफ धरतात, माफी धरत नाहीत, पॅरोलचे दिवस वजा करतात. पॅरोल वगळण्याबद्दल गोव्याच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निर्णय आहे. समजा अटक ३ जून २०१० ला, जामीन कधीच नाही, जन्मठेप १५ ऑक्टोबर २०१२ ला, एकूण पॅरोल नव्वद दिवस. चौदा वर्षं २ जून २०२४ ला भरली असती. नव्वद दिवस पुढे ढकलून ती ३१ ऑगस्ट २०२४ ला भरतात.

इथे थांबून चालत नाही. राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्ह्याच्या स्वरूपानुसार श्रेण्या आहेत, आणि प्रत्येक श्रेणीला माफीसह एकूण किती वर्षं भरली पाहिजेत ते लिहिलं आहे: २२, २४, २६ अशी. म्हणजे दोन अटी एकत्र: प्रत्यक्ष निदान १४ आणि माफीसह श्रेणीची वर्षं. वरच्या उदाहरणात श्रेणी २४ ची लागली आणि प्रत्यक्ष १४ भरताना माफी ४ वर्षं जमली असेल, तर बेरीज १८. उरली ६. पण त्या सहांतही माफी जमत राहते. तोच वेग धरला तर प्रत्यक्षात सुमारे चार वर्षं आठ महिने लागतात. म्हणजे पात्रता साधारण एप्रिल-मे २०२९ मध्ये. इथे माफीचा एकेक दिवस मोलाचा होतो, तर चौदाच्या अटीत त्याची किंमत शून्य असते.

कोणती श्रेणी, हा खरा वादाचा मुद्दा. पूर्ववैमनस्यातून, अचानक भांडणातून, सुपारी घेऊन, टोळीने, स्त्री किंवा मुलाविरुद्ध, अशा वर्णनांवर दोनचार वर्षांचा फरक पडतो. श्रेणी ठरवताना आधार घ्यायचा तो निकालपत्रातल्या निष्कर्षांचा. फिर्यादीत किंवा दोषारोपपत्रात काय म्हटलं होतं, त्याचा नाही. आरोपी टोळीत होता असा आरोप असला आणि कोर्टाने तो अमान्य केला असेल, तर ते पान प्रस्तावासोबत जोडून द्या.

कोणतं धोरण? दोषी ठरवलं त्या दिवशी जे लागू होतं ते. महाराष्ट्रात ११ मे १९९२ ची आणि १५ मार्च २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं वारंवार समोर येतात. २०१२ चा निकाल म्हणजे २०१० ची. पण प्रस्ताव विचारात घेताना त्याहून सौम्य धोरण अस्तित्वात असेल, तर त्याचा फायदा मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून अनेकदा सांगितलं आहे. तेव्हा दोन्ही धोरणांखाली तारीख काढा आणि जी आधी येते ती अर्जात मांडा.

काही जन्मठेपांना हा हिशेबच लागू होत नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने ‘माफीशिवाय पंचवीस वर्षं’ असं ठरवून दिलं असेल तर तोवर फाइल हलत नाही. असा आदेश देण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला नाही, हे २०१५ च्या घटनापीठाने सांगितलं आहे. त्यामुळे सत्र न्यायाधीशांनी तसं लिहिलं असेल तर अपिलात तो मुद्दा घ्यायला हवा. केंद्रीय यंत्रणेने तपास केलेल्या गुन्ह्यांत केंद्र सरकारची संमतीही लागते. आणि निर्णय घेणारं सरकार कोणतं? खटला जिथे चालून शिक्षा झाली त्या राज्याचं. गुन्हा गुजरातमधला पण खटला मुंबईत चालला, तर अधिकार महाराष्ट्राचा, हे जानेवारी २०२४ च्या निर्णयाने पक्कं झालं.

फाइल अधीक्षकांकडून निघते. पोलीस, जिल्हाधिकारी, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे पीठासीन न्यायाधीश आणि सल्लागार मंडळ यांचे अभिप्राय जोडून ती गृह विभागात जाते. न्यायाधीशांचा अभिप्राय कारणांसह हवा. ‘शिफारस नाही’ एवढ्या एका ओळीवर प्रस्ताव फेटाळला असेल तर फेरविचार मागता येतो. धोरण अस्तित्वात असेल तर पात्र बंद्याने अर्ज केला नसला तरी सरकारने त्याचा विचार केला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. तरीही अर्ज करा. अर्जाला आवक क्रमांक मिळतो, आणि पुढे कोर्टात उशीर दाखवायला तो क्रमांकच कामी येतो.

एखाद्या वेळी विशेष योजना येते, तिचा हिशेब पुन्हा वेगळा. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३ आणि १५ ऑगस्ट २०२३ अशा तीन टप्प्यांत दिलेल्या विशेष माफीत पन्नास वर्षांवरच्या स्त्रिया आणि साठ वर्षांवरचे पुरुष होते, आणि त्यांची निम्मी शिक्षा साधारण माफी न धरता भरलेली असणं आवश्यक होतं. माफी धरून निम्मी भरली म्हणून आशेवर राहिलेल्यांची नावं यादीत आली नाहीत, ती याच कारणाने.

तारीख जुळत नसेल तर

आधी कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज, सोबत तुमचा तक्ता: आत आल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, कारण, दिवस. एकूण आकड्यावर वाद घालू नका. कोणत्या ओळीत फरक आहे ते दाखवा. बहुतेक वेळा एखाद्या कारागृहातला काळ गळलेला असतो किंवा दंडाची पावती नोंदलेली नसते, आणि तिथल्या तिथे दुरुस्ती होते. तपशील मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची त्यात तरतूद आहे, आणि सुटकेची तारीख उलटून गेल्याची शंका असेल तर अर्जात तसं ठळक लिहावं.

वॉरंटमधली चूक शिक्षा देणाऱ्या कोर्टात. फर्लो-पॅरोल किंवा मुदतपूर्व सुटका नाकारल्याचा आदेश उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिकेने. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, आणि कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रातून हा अर्ज बंदी स्वतः देऊ शकतो. नकाराच्या आदेशाची प्रत मात्र आधी मिळवा, तोंडी ‘झालं नाही’ यावर याचिका उभी राहत नाही.